बदलीची शिक्षा आणि न्यायमूर्ती रानडे

केमसारख्या गावी सरकार म्हणून जे काही दिसते, ते मुंबईच्या मंत्रालयात अथवा सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत दिसत नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात, टपालवाल्याच्या पिशवीत, शाळेच्या फळ्यापुढे आणि स्टेशनमास्तरांच्या कचेरीत दिसते. हे नोकर वेळेवर व चोख काम करतात तेव्हा शेतकऱ्याचा उतारा वेळेवर हाती पडतो, कुंकवाच्या व्यापाऱ्याचा कागद अडत नाही, आणि मुलाचे वर्ष फुकट जात नाही. ते काम टाळतात तेव्हा दहा हेलपाटे घालावे लागतात व अकराव्या हेलपाट्यास खिशात हात जातो. म्हणून सरकारी नोकराची शिस्त हा केवळ सरकारी कचेरीचा प्रश्न नसून बाजारपेठेचा व घराघराचा प्रश्न आहे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु एखाद्या नोकराविषयी असमाधान झाले म्हणजे आमचे प्रतिष्ठित नागरिक काय करतात? लेखी तक्रार करून कोणत्या तारखेस कोणते काम अडले हे कोणी सांगत नाही. कोणा पुढाऱ्याकडे जावयाचे व त्याची बदली करून टाका, एवढेच सांगावयाचे, असा परिपाठ पडून गेला आहे. बदली हा शब्द आमच्याकडे शिक्षेच्या अर्थाने रूढ झाला आहे. ह्या रीतीत दोन्हीकडून अनर्थ आहे. नोकर अपराधी असेल तर आम्ही आमचे संकट दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालतो. तो निरपराधी असेल तर त्याचे म्हणणे न ऐकता त्यास, त्याच्या बायकोस व शाळेत जाणाऱ्या पोरांस शिक्षा करतो. दोन्ही प्रकारांत खरे काय ते कळत नाही ते नाहीच. ह्या अनर्थाचे स्वरूप वाचकांच्या ध्यानी आणून देण्याकरिता ज्यांचे चरित्र आम्हांस सर्वांत उपयोगी वाटते, ते महादेव गोविंद रानडे होत. त्यांच्या निधनास शतकाहून अधिक काळ लोटला. न्यायमूर्ती, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक अशा नात्यांनी त्यांचे स्मरण होते; परंतु ते जन्मभर सरकारी नोकर होते, आणि आपल्या वरिष्ठांच्या संशयास पात्र झालेले नोकर होते, हे कोणी फारसे ध्यानात घेत नाही.

रानडे ह्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्यामुळे बाळपण कोल्हापुरास गेले, व पुढील विद्येसाठी ते मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. तेथेच त्यांस वरिष्ठांच्या शिस्तीचा पहिला अनुभव आला. विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यास उणेपणा दिला. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट ह्यांस ते रुचले नाही, आणि त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. मतासाठी शिष्यवृत्ती तोडणे हा अन्यायच होता. तथापि त्या शिक्षेस कारण होते, मुदत होती, आणि ती देणारा मनुष्य समोर होता, एवढे वाचकांनी स्मरणात ठेवावे. कारण पुढे सरकारने त्यांस जे दिले त्यात ह्यांपैकी काहीच नव्हते.

१८६२ साली बी. ए., १८६४ साली एम. ए. व १८६६ साली एलएल. बी. होऊन रानडे सरकारी चाकरीत शिरले. शिक्षणखात्यात भाषांतराचे काम केले; मध्यंतरी आमच्याच जिल्ह्यातील अक्कलकोट संस्थानात काही काळ कारभारी म्हणून राहिले; नंतर कोल्हापुरास न्यायाधीश झाले; एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापनही केले; आणि १८७१ मध्ये पुण्यास सबजज्ज म्हणून आले. एक वर्षापूर्वीच तेथे गणेश वासुदेव जोशी ह्यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. ह्या सभेस रानड्यांनी आपली विद्या व आपले परिश्रम मोकळ्या हाताने दिले. न्यायासनावर बसून त्यांनी सभेचे काम केले नाही, आणि सभेत बसून न्यायासनाचे गुपित फोडले नाही. ज्या देशात जन्मलो त्याच्या दारिद्र्याचा विचार करण्याचा हक्क पगार घेतल्याने विकला जात नाही, एवढेच त्यांच्या वर्तनाने सिद्ध होत होते.

इतक्यात १८७६ चा भयंकर दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. खडी फोडण्यास व रस्ते बांधण्यास हजारो माणसे दुष्काळी कामांवर आली. हिंदुस्थान सरकारने पाठविलेले सर रिचर्ड टेंपल ह्यांनी मजुरीचे मान उतरवून धान्याचा हिशेब माणशी एक पौंडावर आणला. दिवसभर दगड फोडणाऱ्या मनुष्याने तेवढ्यावर जगावे कसे? १८७७ च्या आरंभी ह्या भागातील मजुरांचे जथेच्या जथे काम टाकून निघून गेले. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. ह्या माहितीच्या व तर्काच्या मागे रानड्यांचे डोके आहे, हे सरकारास ठाऊक होते. तेच टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि १८७८ च्या आरंभी रानड्यांची बदली पुण्याहून नाशिकास झाली.

येथे दुसऱ्या एका सरकारी नोकराची गोष्ट सांगणे अवश्य आहे. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात वासुदेव बळवंत फडके नावाचे कारकून होते. आई आजारी पडल्याचे कळताच त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. शेवटी परवानगीवाचून ते निघाले, परंतु घरी पोचले तेव्हा आईचे प्राण गेलेले होते. वर्षश्राद्धासाठी मागितलेली रजाही त्यांस नाकारण्यात आली. ह्याच फडक्यांनी पुण्यात रानड्यांची स्वदेशीवरील व्याख्याने ऐकली, दुष्काळातील हाल पाहिले, आणि १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी व इतर मंडळी जमवून बंड उभारले. बंडाची कारणे एका रजेहून पुष्कळ मोठी होती, हे खरेच. परंतु ज्या कचेरीत मरणाऱ्या आईस भेटण्याची विनंती ऐकून घेणारा कोणी नसतो, त्या कचेरीविषयी मनुष्याच्या अंतःकरणात काय साठत जाते, ह्याचा विचार प्रत्येक वरिष्ठाने करावा. नियमाचे पुस्तक रजा नाकारण्यास पुरते. नाकारण्याचे कारण नोकरास पटवून देण्यास ते पुरत नाही.

बंड चालू असतानाच १८७९ च्या मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा ह्यांस आगी लागल्या. सरकारच्या संशयास उधाण आले. पुण्यातील विद्वान मंडळी बंडास फूस देतात असे वरिष्ठांस वाटू लागले, आणि त्या मंडळींत रानड्यांचे नाव पहिले होते. कोर्टाच्या सुट्टीत ते पुण्यास आले असता सुट्टी संपण्याचीही वाट न पाहता धुळ्यास रुजू व्हावे, असा त्यांस हुकूम झाला. कोणता अपराध, हे हुकुमात नव्हते. कोणी चौकशी केली, कोणी साक्ष दिली, हे कोणी सांगितले नाही. धुळ्यास गेल्यावर त्यांच्या नावची पत्रे फोडून पाहिली जाऊ लागली. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रेही येऊ लागली. ती रानडे मुकाट्याने पोलिसांच्या स्वाधीन करीत. रमाबाई रानडे ह्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत ही हकीकत आहे. नवऱ्यावर राज्यद्रोहाचा संशय आहे आणि तो कोणी बोलून दाखवीत नाही, अशा स्थितीत त्या तरुण स्त्रीने धुळ्याचे दिवस कसे काढले असतील, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. बदलीचा हुकूम एका मनुष्याच्या नावे निघतो, परंतु तो सर्व घरास लागू होतो.

आता मुख्य प्रश्न हा की, ह्या वागणुकीस शिस्त म्हणावयाचे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. ज्या हुकुमामागे आरोप नाही, आरोपास पुरावा नाही, आणि पुराव्यास उत्तर देण्याची संधी नाही, तो हुकूम शिस्तीचा नव्हे, भयाचा आहे. आणि ह्यात नवल असे की, नोकरांची चौकशी कशी करावी ह्याचा कायदा त्या काळी अस्तित्वात नव्हता असे नाही. सरकारी नोकरांच्या चौकशीसंबंधीचा १८५० चा ३७ वा कायदा पुस्तकात होताच. आरोप लिहून द्यावा, साक्षी घ्याव्या, नोकरास बचाव करू द्यावा, हे तत्त्व इंग्रज सरकारास ठाऊक होते. परंतु बदली केली म्हणजे त्या कायद्याची वाटच चुकविता येते. शिक्षा म्हटले की चौकशी करावी लागते. बदली म्हटले की काहीच करावे लागत नाही. ही पळवाट तेव्हा सरकारास सापडली, आणि दुर्दैवाने स्वराज्यातही ती बुजली नाही.

रानडे राजीनामा देऊन मोकळे झाले नाहीत, म्हणून त्यांस भित्रे म्हणणारे लोक तेव्हाही होते व आजही आढळतील. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. हुकूम येताच ते रुजू झाले. कोर्टाचे काम त्यांनी एक दिवसही ढिले पडू दिले नाही. परंतु आपले विचारही त्यांनी सोडले नाहीत. वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम पाळणे वेगळे आणि वरिष्ठाच्या मर्जीप्रमाणे विचार करणे वेगळे. पहिले नोकराचे कर्तव्य आहे; दुसरे कोणाच्याही नोकरीच्या करारात लिहिलेले नसते. पुढे सरकारचा संशय फिटला. १८८१ च्या आरंभी त्यांस मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटचे हंगामी काम मिळाले, आणि लवकरच ते पुन्हा पुण्यास आले.

पुढील कामाचा आमच्या जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. सावकार व कुळे ह्यांच्या तंट्यांसाठी १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू होता. ह्या कायद्याखाली रानडे प्रथम साहाय्यक व १८८७ पासून मुख्य स्पेशल जज्ज झाले. खालच्या कोर्टांतील निकाल तपासणे, चुका दुरुस्त करणे, दुय्यम अंमलदारांच्या कामावर नजर ठेवणे, हे त्यांचे काम झाले. कालपर्यंत ज्याच्यावर नजर ठेवली जात होती तोच आता इतरांवर नजर ठेवणारा झाला! परंतु ह्या दोन नजरांत केवढे अंतर! एक नजर दुसऱ्याचे पत्र फोडून पाहणारी, दुसरी खटल्याचा कागद उघड्यावर वाचणारी. खालच्या मुन्सफाचा निकाल चुकला असेल तर कोठे चुकला हे वरच्या न्यायाधीशाने लिहून द्यावयाचे असते; मुन्सफाची जात कोणती, तो कोणत्या सभेस जातो, हे तेथे पाहावयाचे नसते. देखरेख म्हणजे काय, ह्याचा हाच खरा नमुना होय.

नोव्हेंबर १८९३ मध्ये, काशिनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांच्या मृत्यूने रिकाम्या झालेल्या जागी, रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. चौदा वर्षांपूर्वी ज्या मनुष्यास बंडखोरांचा साथीदार समजून धुळ्यास धाडले, त्यासच सरकारने ह्या इलाख्यातील सर्वोच्च न्यायालयात बसविले. सरकारची चूक उघड झाली. परंतु ती चूक कोणी लेखी कबूल केल्याचे दिसत नाही. चौकशीवाचून दिलेल्या शिक्षेचा हाही एक दोष आहे. आरोपच नसल्यामुळे निर्दोष ठरण्याचीही सोय राहत नाही.

हायकोर्टाच्या न्यायाधीशपदी असताना घडलेली एक गोष्ट गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी सांगून ठेविली आहे. रानडे मद्रासेकडून पहिल्या वर्गाने परत येत होते. म्हणजे सोलापूर, कुर्डुवाडी, केम असा जाणारा आमचाच लोहमार्ग. ते क्षणभर दुसऱ्या डब्यातील मित्रांकडे गेले असता एका युरोपियन अंमलदाराने त्यांचे अंथरूण दूर करून जागा बळकावली. रानड्यांनी तंटा केला नाही. पुढे गोखल्यांशी बोलताना त्यांनी विषय उलट आपल्याच समाजाकडे वळविला. आपण अस्पृश्य मानलेल्या लोकांस ज्या रीतीने वागवितो ती पाहता आपले मन तरी स्वच्छ आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. तक्रार न करण्यात रानड्यांची चूक झाली असे आम्हांस वाटते. कारण थोराने गिळलेला अपमान लहानास दुप्पट गिळावा लागतो. परंतु त्यांच्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नाही. कचेरीतील साहेबाने आपणांस खुर्ची द्यावी म्हणून रागावणारे आम्ही, भल्या पहाटे गटार साफ करणाऱ्या सफाई कामगारास काय वागवितो? तोही सार्वजनिक नोकरच आहे. त्याचा पगार वेळेवर होतो की नाही, ह्याची चौकशी किती व्यापाऱ्यांनी आजवर केली असेल?

रानड्यांच्या चरित्रातून एक चुकीचा बोध घेतला जाण्याचा संभव आहे, तो येथेच दूर केला पाहिजे. धैर्य व सचोटी असली म्हणजे अन्याय आपोआप टळतो, असा तो बोध होय. रानडे टिकले, कारण त्यांच्यापाशी विद्या होती, कीर्ती होती, आणि त्यांच्यासाठी बोलणारे लोक होते. साध्या कारकुनाचे काय? १८९९ साली ह्याच जी. आय. पी. रेल्वेवरील हिंदी सिग्नलरांनी, म्हणजे तारेवर गाड्यांचे निरोप देणाऱ्या नोकरांनी, पगार व कामाचे तास ह्यांविषयी गाऱ्हाणे मांडून संप केला. टिळकांच्या केसरीने त्यांचा पक्ष उचलला. तरी कंपनीने कित्येकांस कामावरून काढून टाकले. त्यांच्यापैकी कोणाचे नाव आज कोणास ठाऊक नाही. ज्याच्यापाशी नाव नाही त्यास कायद्याचाच आधार हवा, आणि तो कायदा पुढील पन्नास वर्षांत अंशाअंशाने मिळाला. १९३५ च्या कायद्यात नोकरास काढण्यापूर्वी कारण दाखविण्याची संधी द्यावी असे कलम आले. १९५० च्या राज्यघटनेत ते ३११ वे कलम म्हणून स्थिर झाले. बडतर्फ करणे, काढून टाकणे वा पदावरून खाली आणणे ह्यांपूर्वी आरोप कळविले पाहिजेत व म्हणणे ऐकले पाहिजे, असा सामान्य नियम झाला. त्यास काही थोडे अपवाद घटनेनेच सांगितले आहेत. रानडे हा दिवस पाहण्यास नव्हते; १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.

परंतु वाचकांच्या ध्यानात येईलच की, ह्या कलमात बदलीचे नाव नाही. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सरकारी नोकरांच्या बदल्यांविषयीचा २००५ चा कायदा केला. तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. एका जागी सामान्यतः तीन वर्षे मुदत असावी, मुदतीपूर्वीच्या बदलीस लेखी कारण असावे, असे तो सांगतो. आणि हाच कायदा दुसऱ्या हाताने नोकरासही बांधतो: कोणताही कागद एका नोकराकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये, आणि कुचराई झाल्यास शिस्तीची कारवाई व्हावी. एकाच कायद्यात नोकराचे संरक्षण व जनतेचे संरक्षण एकत्र बांधले आहे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. हक्क व शिस्त ह्या परस्परांच्या सवती नव्हेत. ज्या नोकरास उद्या कोठे फेकले जाईल ह्याचे भय नाही तोच पुढाऱ्याच्या बेकायदा चिठ्ठीस नकार देऊ शकतो; आणि ज्यास सात दिवसांचा हिशेब द्यावा लागतो तोच गरिबाचा कागद हातावेगळा करतो.

कायदा कागदावर आहे. तो जिवंत ठेवणे आमच्या हाती आहे. म्हणून केम व करमाळा तालुक्यातील व्यापारी मंडळींस आमची आग्रहाची विनंती अशी की, कोणा नोकराने काम अडविले असेल तर तारीख, काम व कागद ह्यांचा उल्लेख करून लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, आणि चौकशीत साक्ष देण्यास स्वतः उभे राहावे. ज्यास साक्ष देण्याचे धैर्य नाही त्याने बदली मागण्याचेही धाडस करू नये. नोकरवर्गास आमचे सांगणे असे की, हक्क मागणाऱ्याचे हजेरीपुस्तक स्वच्छ असावे. रानड्यांच्या कामात बोट ठेवण्यास जागा नव्हती म्हणूनच त्यांच्यावरील संशय अखेर निराधार ठरला. आणि वरिष्ठांस एवढेच की, दोष असेल तर दोषारोप लिहून द्या, नसेल तर मनुष्यास त्याचे काम करू द्या.

१८७९ च्या उन्हाळ्यात धुळ्यास धाडलेला तो सबजज्ज निरपराधी होता, हे आज आपण सर्वजण एकमुखाने म्हणतो. परंतु त्या वेळी त्यास तसे म्हणण्याची संधी कोणीच दिली नव्हती. पुढच्या खेपेस कोणाची बदली मागण्याकरिता आपण चार माणसे जमवून पुढाऱ्याच्या दारी निघू, तेव्हा ज्याच्याविषयी निघालो त्याचे म्हणणे आपण ऐकले आहे काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनास विचारावा.